रोमचे देव कड्याच्या रस्त्यावर

रोमन देवांची देवळे बंद होऊन सोळाशे वर्षे उलटली. 391-92 साली सम्राट थिओडोशियसने त्यांच्या पूजेवर बंदी घातली आणि तेव्हापासून त्यांना ना नैवेद्य, ना दिवाबत्ती. तरी त्यांच्यातले चार-पाच जण बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या कड्याला रोज कामावर हजर असतात. नगरहून बीडकडे येताना आष्टीच्या अलीकडे लागणारे हे बाजाराचे गाव. इथे एक देव टायरच्या दुकानाच्या पाटीवर राहतो. दुसरा स्कूटर होऊन दूध घालायला जातो. एक देवी पांढऱ्याशुभ्र गाडीच्या पाठीवर चंदेरी अक्षरांत मिरवते. यांना कोणी ओळखत नाही आणि न ओळखल्याने कोणाचे काही अडतही नाही. अडते ते शाळेत. तिथे हेच देव इंग्रजीच्या वहीत स्पेलिंग बनून बसतात आणि रस्त्यावर त्यांच्याशी सलगीने वागणारी पोरे त्यांच्यापुढे गपगार होतात. असे का होते, हा या स्फुटाचा विषय आहे.

आधी रस्ता पाहू. 'टायर व्हल्कनायझिंग' ही पाटी महाराष्ट्रातल्या कुठल्याही हमरस्त्यावर दिसते, तशी इथेही दिसते. कुठे 'वल्कनायझिंग', कुठे 'होल्कनायझिंग'. रंगाऱ्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे. व्हल्कन हा रोमनांचा अग्नीचा आणि लोहारकामाचा देव. पायाने अधू, अंगाने काजळलेला, इतर देव मेजवान्या झोडत असताना भट्टीपाशी घाम गाळणारा. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकटते आणि थंडीत तडकते. त्यात गंधक घालून ते तापवले तर टिकाऊ होते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने 1839 साली शोधले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅन्कॉकने तीच प्रक्रिया साधली आणि त्याच्या ब्रोकडन नावाच्या मित्राने तिला व्हल्कनचे नाव सुचवले, कारण गंधक आणि आग या दोन्ही गोष्टी ज्वालामुखीच्या आणि ज्वालामुखी व्हल्कनच्या मालकीचा. इंग्रजीत ज्वालामुखीला जे नाव आहे, तेही याच देवाचे. विहीर खोदताना आष्टीच्या शेतकऱ्याला ज्या काळ्या खडकात सुरुंग लावावे लागतात, तो खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा व्हल्कनचा सातबारा इथे तसा जुनाच म्हणायचा.

या पाटीखाली बसलेल्या माणसाला यातले काही ठाऊक नसते. तो चाक खोलतो, टायर फाकवून ट्यूब बाहेर ओढतो, हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात बुडवत फिरवतो. जिथे बुडबुडा उठला तिथे खूण करतो. ती जागा कानशीने घासतो, सोल्युशन लावतो, ते सुकू देतो, वर रबराचा तुकडा ठेवून तापलेल्या शिकंज्यात आवळतो आणि तेवढ्यात चहा सांगतो. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन ट्रक आणि ट्रॅक्टर या भागातून कारखान्यांकडे निघतात, तेव्हा त्याला जेवायला उसंत नसते. आता ट्यूबलेस टायर आले, पॅचच्या जागी दोरी ठोसतात. पाटी तीच राहिली. त्या पाटीवरचा शब्द त्याने कोणाकडून घोकून घेतलेला नाही. उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकला, त्या कामासोबत शब्द आला.

दुसरा मुक्काम चंद्राचा. लुना म्हणजे लॅटिनमध्ये चंद्र आणि रोमनांची चंद्रदेवताही. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली लुना बाजारात आणली आणि या कंपनीचा कारखाना नगरचा, म्हणजे कड्याच्या शेजारचा. सायकलसारखे पायडल मारून सुरू होणारी, पेट्रोल संपले तर पायडल मारतच घरी आणता येणारी ही गाडी गवळ्याने, पोस्टमनने, गुरुजींनी आपली मानली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढे पोते, मागे पोरगं, अशी लुना ज्यांनी पाहिली आहे त्यांना चंद्रदेवतेचा रथ कसा असेल याची वेगळी कल्पना करावी लागत नाही. त्याच 1972 साली पुण्यात बजाजने आपल्या स्कूटरला राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव दिले: चेतक. एक नाव रोमचे, एक मेवाडचे. गिऱ्हाइकाने दोन्हींकडे सारख्याच नजरेने पाहिले: ॲव्हरेज किती देते? आज लुनाची जागा इतरांनी घेतली आहे. त्यात टीव्हीएस कंपनीची 2013 साली आलेली ज्युपिटर आहे. ज्युपिटर म्हणजे रोमन देवांचा राजा, हातात वज्र घेतलेला आकाशाचा बाप. मराठीने त्याचे लिंगच बदलून टाकले. गाडी ती, म्हणून ज्युपिटरही ती. "माझी ज्युपिटर जरा सर्व्हिसिंगला टाकलीय," असे कड्याचा माणूस बिनदिक्कत म्हणतो. परक्या शब्दाला आपल्या व्याकरणाच्या दाव्याला बांधणे म्हणतात ते हेच.

तिसरी फॉर्च्युना. नशिबाची रोमन देवी. हातात सुकाणू, जवळ चाक. ते चाक फिरले की वरचा खाली आणि खालचा वर. 2009 साली भारतात आलेली टोयोटाची फॉर्च्युनर हिचे नाव मागे लावून फिरते आणि बीडच्या राजकारणात या गाडीला जे स्थान आहे ते कोणी समजावून सांगायला नको. बाकीच्या रोमन देवांना इथे भक्त नाहीत. या एका देवीला मात्र आहेत, आणि तिचे दर्शन ताफ्याने होते. देवीच्या चाकाचा जुना नियम भक्तांना माहीत नसतो एवढेच. चाक पंक्चर झाले की मात्र तिलाही व्हल्कनच्या दारातच थांबावे लागते.

रस्त्यावरून कागदाकडे वळू, कारण देवांची खरी वस्ती तिथे आहे. जानेवारी हा जेनसचा, दाराचा देव, एक तोंड मागे आणि एक पुढे. मार्च मार्सचा, म्हणजे युद्धदेवाचा. मे बहुधा माया नावाच्या देवीची, तिचे आपल्या मायेशी काही नाते नाही. जून बहुधा ज्युनोचा, ती ज्युपिटरची राणी. याच ज्युनोचे मोनेटा या नावाने एक देऊळ रोमच्या टेकडीवर होते आणि त्याला लागून टाकसाळ होती. नाणे देवीच्या आवारात पडायचे म्हणून तिच्या नावावरून इंग्रजीत टाकसाळीला मिंट आणि पैशाला मनी म्हणू लागले. भारतात 1880 साली पोस्टाची मनीऑर्डर सुरू झाली आणि 2015 साली तिचे जुने रूप बंद झाले. मधल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मुंबईच्या गिरणीतून, पुण्याच्या कारखान्यातून, फौजेतल्या पोराकडून गावी आलेला प्रत्येक रुपया या देवीच्या नावाने आला. म्हातारीने अंगठा उठवला, पोस्टमनने नोटा मोजून दिल्या, खाली लिहिलेला चार ओळींचा मजकूर वाचून दाखवला. 'मनी' म्हणजे काय, हे त्या म्हातारीला शिकवणी लावून कळलेले नव्हते.

आणि हेही लक्षात घ्यावे की सरकारी कागदावर परके देव येण्याची या मुलखातली ही पहिली वेळ नाही. आष्टी तालुका निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या कारभारात फसली सन चाले आणि त्याचे महिने इराणी होते: आजूर, दै, बहमन, फरवर्दी, खुरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. ही नावे जरथुष्ट्री धर्मातल्या देवतांची आणि दिव्य शक्तींची. आजूर अग्नी, आबान जल, मेहेर म्हणजे मिथ्र. पारशी पंचांगात ही नावे आजही आहेत. म्हणजे मुसलमान राजाच्या दफ्तरात, बहुसंख्य हिंदू रयतेच्या दस्तांवर, पारशांच्या देवतांचे महिने पडत होते! 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झाले, मेहेर-आबान गेले आणि जानेवारी-मार्च आले. एका परक्या देवमंडळाच्या जागी दुसरे बसले. शेतकऱ्याने दोन्ही वेळा कागदावर सही केली आणि पेरणीसाठी मृगाचीच वाट पाहिली. कोणाची भाषा बाटली नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही.

ज्या गावाने एवढे देव पचवले, त्या गावातल्या मुलाला इंग्रजीच्या तासाला घाम का फुटतो?

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पाव शतक झाले. मुलांना अक्षरे येतात, कविता म्हणता येतात, फळांची आणि रंगांची नावे येतात. पुढे शब्दांची खरी भरती सुरू झाली की गाडी रुतते. बीड जिल्ह्यात हे जास्त बोचते, कारण इथे असंख्य घरांतला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतो आणि मार्च-एप्रिलात परततो. लेकरू सोबत गेले तर निम्मे वर्ष पाचटात जाते. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिले तर घरी अभ्यास घेणारे कोणी नसते. अशा मुलाला जे शिकवायचे ते चटकन रुजेल आणि पक्के बसेल असे शिकवायला हवे. आपण काय करतो? यादी देतो. पुढे स्पर्धा परीक्षेच्या क्लासात तर या याद्यांच्या झेरॉक्स विकत मिळतात. जोव्हियल म्हणजे आनंदी. सॅटर्नाइन म्हणजे उदास. मार्शल म्हणजे युद्धाचा. मर्क्युरियल म्हणजे चंचल. ल्युनॅटिक म्हणजे वेडा. पाच शब्द, पाच अर्थ, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा पहाटे धावून येतो, आंघोळ करतो आणि हे शब्द पाढ्यांसारखे म्हणतो. आठवड्याने पाचातले दोन उरतात.

आता त्याच पोराच्या आजीला विचारा. कोणाचे दिवस फिरले, कामे अडू लागली, चेहरा उतरला की ती म्हणते, साडेसाती लागली. शनी एका राशीत अडीच वर्षे असतो, तीन राशींची मिळून साडेसात वर्षे होतात. ती सरावाने सांगते की शनी संथ आणि जड. गोदाकाठच्या राक्षसभुवनला, आपल्याच जिल्ह्यात, त्याचे जुने ठाणे आहे. नगरकडे शिंगणापूर आहे. रोमनांचा सॅटर्न तो हाच ग्रह, आणि ज्याच्यावर त्याची छाया तो मंद, उदास, कडवट माणूस म्हणजे सॅटर्नाइन. लग्न ठरत नसेल तर आजी गुरुबळ पाहायला सांगते, कारण गुरू शुभ, उदार, भरभराट देणारा. गुरू म्हणजे ज्युपिटर, त्याचेच दुसरे नाव जोव्ह. त्याच्या छत्राखाली जन्मलेला हसरा, दिलदार माणूस तो जोव्हियल. मुलीला मंगळ आहे म्हटले की घरात खुसफुस सुरू होते, कारण मंगळ तापट, लढाऊ. मंगळ म्हणजे मार्स आणि मार्शल लॉ मधले मार्शल त्याचे. बुध बोलका, हुशार, व्यापारी आणि घडीत असा घडीत तसा; बुध म्हणजे मर्क्युरी, आणि इंग्रजीत पाऱ्यालाही हेच नाव. पारा चढतो-उतरतो हे तर आपण रोज बोलतो. चंद्राचे मनाशी नाते आहे आणि पुनव-अवसेला कोणाचे डोके बिघडते, असे गावात म्हणतातच. लुनावरून ल्युनॅटिक आला तो याच समजुतीने. पाचही शब्द आजीच्या पदरात बांधलेले आहेत. नातू मात्र झेरॉक्स विकत घेतो.

हे योगायोगाने जुळलेले नाही. ग्रहांना देवांची नावे आणि स्वभाव देण्याची ही व्यवस्था बाबिलोन, ग्रीस आणि इजिप्तमध्ये घडली. तिथून ती एकीकडे रोमला गेली आणि दुसरीकडे भारतात आली. आपल्याकडच्या एका जुन्या जातकग्रंथाचे नावच यवनजातक आहे; यवन म्हणजे इथे ग्रीक. सहाव्या शतकातला वराहमिहिर सांगतो की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. पत्रिकेतली होरा आणि केंद्र ही दोन्ही नावे मूळची ग्रीक. दूध संकलन केंद्र, परीक्षा केंद्र, केंद्रप्रमुख आणि केंद्र सरकार यांतले केंद्र म्हणजे इंग्रजी सेंटरचा सख्खा भाऊ, हे कळले तर भाषाशुद्धीचे काही कार्यकर्ते आजारी पडतील.

सात वारांचा आठवडा याच वाटेने आला. वाराचा स्पष्ट उल्लेख असलेल्या आपल्याकडच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत मध्य प्रदेशातल्या एरणचा, बुधगुप्ताच्या काळातला, इसवी सन 484 चा लेख येतो. त्यात गुरुवार आहे. आणि इथे एक गंमत आहे. रोमनांच्या आठवड्यात चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि सूर्य हाच क्रम होता. इंग्रजांनी तो घेताना मधल्या चार वारी रोमन देव काढून आपल्या जुन्या उत्तरी देवांना बसवले: ट्यूजडेला टिव, वेन्सडेला वोडन, थर्सडेला थॉर, फ्रायडेला फ्रिग. त्यांच्या आठवड्यात रोमचा एकच देव उरला, सॅटर्डेचा सॅटर्न. आपल्याकडे मात्र सातही ग्रह जिथल्या तिथे आहेत. म्हणजे रोमचा आठवडा लंडनपेक्षा कड्यात जास्त शाबूत आहे. ज्याला आठवड्याच्या बाजाराचा वार माहीत आहे, त्याला निम्मा पाठ आधीच आला.

महिन्यांचेही तसेच. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत सप्त, अष्ट, नव आणि दश ऐकू येतात, आणि ते कानाचे खेळ नाहीत. लॅटिन आणि संस्कृत या एकाच घरातल्या भाषा, म्हणून आकडे सारखे. मग सप्टेंबर नववा कसा? कारण रोमनांचे जुने वर्ष मार्सच्या महिन्यापासून, मार्चपासून सुरू होई. बँकेतला, तहसीलीतला, सोसायटीतला मार्चएंड आपल्याला पाठ आहे. जुने खाते बंद करून नवे उघडायची धांदल त्या महिन्याला काही नवी नाही. पाचवीच्या वर्गात ही एक गोष्ट सांगितली तर चार महिन्यांची स्पेलिंगे आपोआप सुटतात.

यावर दोन आक्षेप येतील, ते आधीच निकालात काढू. पहिला, यातून फलज्योतिषाला शाळेत वाट मिळेल. मुळीच मिळू नये. मंगळामुळे मोडलेली स्थळे आणि साडेसातीच्या नावाने उकळलेले पैसे या भागाने पुरेसे पाहिले आहेत. शनी हा सूर्याभोवती सुमारे साडेएकोणतीस वर्षांत फेरी मारणारा वायूचा गोळा आहे, तो कोणाचे वाईट करायला निघालेला नाही, हे त्याच तासाला सांगावे. उलट युरोपने ही समजूत टाकून दिली आणि शब्द ठेवले, हाच उत्तम धडा आहे. जोव्हियल म्हणणारा इंग्रज कोणाची पत्रिका मागत नाही. समजूत मेली तरी शब्द कामाला येतो. मुलाला हे उमगले तर त्याला भाषाही कळेल आणि ज्योतिषाची मर्यादाही.

दुसरा आक्षेप नव्हे, उत्साह आहे आणि तो जास्त घातक. मोबाइलवर रोज एक संदेश फिरतो की जगातले सगळे शब्द संस्कृतातूनच निघाले. अशा उत्साहात गुरुजीही वाहून जातात. ज्युपिटर आणि ऋग्वेदातला द्यौष्पितर एका मुळाचे आहेत हे खरे. पितृपंधरवड्यातला पितर आणि त्यातला 'पिटर' एकच. पण म्हणून ज्युपिटर संस्कृतचा मुलगा होत नाही, दोघे भावंडे होतात. दिसते ते सगळे नाते नसते. विधानसभेत गोंधळ घालणाऱ्या आमदाराला उचलून बाहेर नेणारा मार्शल मार्सचा कोणी लागत नाही. तो शब्द जर्मानिक मुळाचा, मूळ अर्थ घोड्यांची देखभाल करणारा चाकर. संचलनातला मार्चही मार्सचा नाही. मार्केट यार्डातले मार्केट मर्क्युरीपासून निघालेले नाही. दोघेही विक्रीच्या मालाला असलेल्या एका लॅटिन शब्दाकडून आले असावेत, असे मानतात. हे तपासायची सवय लावणे म्हणजेच शिक्षण. नाते सांगताना पुरावा मागावा, हा नियम जमिनीच्या वारस नोंदीला आहे तसा शब्दालाही लावावा.

तेव्हा सुचवायचे आहे ते एवढेच. नवीन योजना नको, ॲप नको, टॅब नको. कालनिर्णय 1973 पासून भिंतीवर आहे, त्याच्या एकाच पानावर जून आणि ज्येष्ठ, सॅटर्डे आणि शनिवार शेजारी छापलेले असतात. ते पान खिळ्यावरून उतरवून वर्गात आणावे. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रातले शिक्षक एकत्र बसतातच. तिथे माहितीचे तक्ते भरून झाल्यावर अर्धा तास गावातल्या पाट्यांवर द्यावा. मुलांना वही घेऊन रस्त्यावर पाठवावे, दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांची नावे लिहून आणायला सांगावे, आणि मग एकेका नावाचे गाव शोधावे. टायरवाल्याला अर्ध्या तासासाठी शाळेत बोलवावे. रबर, गंधक आणि आग यांचे नाते तो हाताने दाखवील, नाव व्हल्कनचे का पडले ते गुरुजी सांगतील, आणि विज्ञान, इंग्रजी व इतिहास असे तीन तास एका घमेल्यात होतील.

इंग्रजी अवघड आहे हे कोणी नाकारत नाही. पण ती जितकी परकी आहे त्याहून अधिक परकी करून दाखवण्यात काहींचा धंदा आहे. गाठोडे जितके अनोळखी, तितकी ते सोडवून देण्याची फी जास्त. साडेसाती ज्याच्या बोलण्यात आहे, मार्चएंड ज्याच्या घरात आहे आणि ज्युपिटर ज्याच्या दारात उभी आहे, त्या मुलाला हे शब्द तुझ्या ओळखीतलेच आहेत, असे सांगणारा एक शिक्षक भेटला, तर त्या फीतले निदान निम्मे पैसे बापाच्या खिशात राहतील. ऊसतोडीच्या उचलीतून भरलेल्या फीचा हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही बचत लहान वाटणार नाही.